रायबाच्या लग्नाची तारीख

मुलं वाचत नाहीत अशी तक्रार असलेल्या घरात एखादं मूल खरोखरच वाचायला लागलं, की त्या घराची जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी असते. मूल वाचत नाही तोवर सगळं सुरळीत चाललेलं असतं. चहाबरोबर तक्रार करता येते, मोबाइलला शिव्या घालता येतात, 'आमच्या वेळी' अशी सुरुवात करून वाट्टेल ते ठोकून देता येतं. तेच मूल पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलं, की पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी 'अगं, ताट वाढलंय', आणि तिसऱ्या दिवशी 'डोळे जातील, सांगून ठेवते'.

आमच्याकडं हे संकट मे महिन्यात आलं. माझी भाची सांगलीची. पाचवीची स्कॉलरशिप, वार्षिक परीक्षा, अबॅकस असे सगळे मोर्चे सर करून ती आजोळी साताऱ्याला दाखल झाली आणि वीज गेलेल्या एका दुपारी माळ्यावरच्या ट्रंकेतनं तिनं एक पुस्तक वर काढलं. पुठ्ठ्यावर खाकी कागद, त्यावर आजोबांच्या वळणदार अक्षरात नाव, आतल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का आणि शेवटी परतीच्या तारखांचा कागद. त्यातली शेवटची तारीख बघून आईनं पुस्तक घाईघाईनं मिटलं. आजोबांनी ते परत केलंच नव्हतं. भाचीनं लगेच हिशेब मांडला. दिवसाला पाच पैसे दंड धरला तरी आकडा हजाराच्या घरात जात होता.

"आजी, आजोबा चोर होते का गं?"

"विसरभोळे होते," आई म्हणाली. वाचनालयाच्या बाजूनं पाहिलं तर गड आला पण पुस्तक गेलं, असा हा मामला होता. कारण पुस्तक होतं हरि नारायण आपट्यांचं 'गड आला पण सिंह गेला'.

आपट्यांनी ही कादंबरी 1903 च्या सुमारास लिहिली, ती काही मुलांसाठी नव्हे. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः यायच्या, आणि शहाणीसुरती, पगडी घालणारी माणसं पुढच्या अंकाची वाट बघत बसायची. पण कोंढाणा, कडा, काळोखी रात्र आणि दुष्ट किल्लेदार एवढा ऐवज एका पुस्तकात असल्यावर तो मोठ्यांकडं किती दिवस टिकणार? पोरांनी तो बळकावला. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी पोरांनी मोठ्यांच्या कपाटातून जे काही पळवलं त्यात ही लूट पहिल्या प्रतीची. सुरतेची तिच्या खालोखाल.

आमची प्रत जुन्या छपाईची. शब्दाशब्दावर अनुस्वार. भाचीनं पहिलं पान बघून विचारलं, "मामा, ह्या पुस्तकाला गोवर आलाय का?" पूर्वी असंच लिहायचे, ते टिंब वाचायचं नसतं, असं मी सांगितलं. वाचायचं नाही तर छापलं कशाला, हा तिचा प्रश्न रास्त होता. मी विषय बदलला. पण विसाव्या पानाच्या आसपास गोवर तिच्या नजरेआड झाला आणि पाठोपाठ आम्हीही झालो. हाक मारली की "हं" यायचा. त्या "हं"चा अर्थ 'मी आलेच' असा नसून 'तुम्ही अजून आहात का' असा होता.

ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. आपल्याकडं चौथीच्या इतिहासात अख्खी शिवशाही असते. तानाजींचा धडा असतो, त्यावर रिकाम्या जागा भरा असतं. शेवट तर पुस्तकाच्या नावातच छापलेला. तरीही ही मुलगी प्रकरणाच्या शेवटी श्वास रोखून पान उलटत होती. न राहवून मी म्हटलं, "अगं, तुला माहितीये ना शेवटी काय होतं ते?"

"मला माहितीये," ती म्हणाली, "पण आपट्यांना माहीत असेलच असं नाही."

आता ह्यावर साहित्याच्या प्राध्यापकांनी चर्चासत्रं भरवावीत. मी चहा ठेवायला आत गेलो.

मला जी गंमत कधी दिसली नव्हती ती ह्या पोरीनं दोन दिवसांत काढली. हे पुस्तक लढाईचं आहे असं आपण समजतो. तिच्या मते ते लग्नाचं आहे, आणि तेही एका नाही, दोन लग्नांचं. एक तानाजींच्या मुलाचं, रायबाचं, जे सगळ्यांना हवंय पण पुढं ढकललं जातंय. दुसरं कमलकुमारीचं. उदयभानूनं ह्या राजपूत स्त्रीला पळवून गडावर आणलंय आणि तिच्याशी बळजबरीनं लग्न लावायचा त्याचा घाट आहे. म्हणजे एक लग्न थांबवायचं म्हणून दुसरं थांबलंय. सातारा-सांगलीच्या माणसाला ही अडचण लढाईपेक्षा लवकर समजते. आमच्याकडं मे महिन्यात लढाई कुणी करत नाही. लग्नंच असतात.

योगायोगानं त्याच आठवड्यात कराडला आमच्या नात्यातलं एक लग्न निघालं. बाईसाहेब पुस्तकासकट आल्या. मंगलाष्टकं चालू, करवल्यांची धावपळ चालू, आणि ही जेवणाच्या हॉलमधल्या रिकाम्या पंगतीत बसून कोंढाण्याखाली पोचलेली. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात आपटे. लाऊडस्पीकरवर 'शुभमंगल सावधान' झालं तेव्हा हिनं अक्षता पुस्तकावरच टाकल्या. तांदळाचे ते लाल दाणे आजही तेविसाव्या प्रकरणात आहेत.

परतीच्या एसटीत तिनं मुद्दा काढला. "मामा, रायबाच्या लग्नाची तारीख बदलली, तर हॉलवाल्यानं ॲडव्हान्स परत दिला असेल का?"

"तेव्हा हॉल नव्हते गं."

"मग आचारी? मांडववाला? पत्रिका वाटून झाल्या असतील ना? मुलीकडचे काय म्हणाले?"

मुलीकडचे काय म्हणाले! गेली कित्येक वर्षं आपण त्या एका सुप्रसिद्ध वाक्यावर टाळ्या वाजवतोय. आधी गडाचं, मग मुलाचं. आमच्या घरात तर घराला रंग द्यायचा पुढं ढकलण्यासाठीही ते वाक्य वापरतात. पण त्या दिवशी पलीकडच्या मांडवात वधूपित्याची काय अवस्था झाली असेल, ह्याचा विचार एकाही मराठी वक्त्यानं भाषणात केलेला मला आठवत नाही. एसटीतल्या मागच्या बाकावरची एक म्हातारी मात्र ऐकत होती. ती पुढं वाकून म्हणाली, "आगं, म्हाराजांनी सोता लावलं की लगीन त्येचं, नंतर." परंपरा तसंच सांगते. भाचीचा जीव भांड्यात पडला. मग तिनं आणि म्हातारीनं मिळून उंब्रज येईस्तोवर आहेराची यादी केली.

साताऱ्यात ऐतिहासिक कादंबरी निवांत वाचू देत नाहीत. ह्या गावात प्रत्येक पेठेत एक तरी इतिहासप्रेमी काका असतात. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथं झाला तेव्हापासून ही जमात गावात वस्तीला आहे. पोरीच्या हातात आपटे दिसल्याबरोबर आमच्या पेठेतले काका चप्पल काढून थेट आतच आले. "बाळ, कादंबरी म्हणून ठीक आहे हो. पण कमलकुमारी हे काल्पनिक पात्र आहे."

"बरं."

"आणि दोर बांधून कड्यावर चढवलेली ती घोरपड? समकालीन पुराव्यात कुठंही नाही. ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली."

"बरं."

"आणि मुख्य म्हणजे, तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड ठेवलं हेही खरं नाही. महाराजांच्या 1663 च्या पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे. लढाई झाली 4 फेब्रुवारी 1670 ला. काय?"

पोरीनं पुस्तकात बोट ठेवलं आणि ते मिटलं. "काका, गड आला का नाही?"

"आला की."

"सिंह?"

काका थबकले. "गेला."

"मग झालं की!"

काकांनी आईकडं पाहिलं, आईनं माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं. काकांना चहा दिला गेला. जाताना मात्र दारात थांबून ते हळूच म्हणाले, "मी हे सातवीत असताना वाचलं होतं. गणिताच्या पुस्तकात लपवून." म्हणजे कधीकाळी हेही बरे होते.

काकांनी खोडून टाकलेली घोरपड मात्र भाचीनं सोडली नाही. माझ्या मते ह्या सगळ्या कथेतलं सगळ्यात चिवट पात्र तेच. पुरावा नाही तो नाही, तिची पकड सुटत नाही. पोवाड्यातली घोरपड आधी माघारी फिरते, तेव्हा तानाजी तिला कापून खायची धमकी देतो, हे ऐकून भाची खूश झाली. कारण आत्तापर्यंत घोरपड हे एक साधन होतं, आता तिला स्वतःचं मत आहे असं निघालं. पुढचे दोन दिवस आमच्या भिंतीवरच्या पालीला त्या घोरपडीच्या नावानं, 'यशवंती' म्हणून हाक मारली गेली. तिच्या शेपटीला लोकरीचा धागा बांधायचा प्रयत्न झाला, तो पालीनं शेपूट सोडून देऊन हाणून पाडला. घोरपड वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, तिला हात लावला तर वनखात्याचे लोक घरी येतात, एवढी माहिती मी पुरवली. त्यावर, मग तानाजींनी परवानगी काढली असती तर गड मिळायला किती वर्षं लागली असती, असा प्रश्न आला. ज्यानं महाराष्ट्रात एकदा तरी सातबारा काढलाय त्यानं ह्याचं उत्तर द्यावं. मी दिलं नाही.

तिला कडा बघायचा होता म्हणून एका सकाळी तिला अजिंक्यताऱ्यावर घेऊन गेलो. सातारकर अजिंक्यताऱ्यावर रोज चढतात, पण ते साखर उतरवायला. वरती दरवाज्याशी मधुमेही फौज हाशहुश करत उभी असते, कानटोपी मे महिन्यातही असते. ह्या फौजेला बाजूला सारून भाची तटाच्या कडेनं फिरली आणि 'इथून चढता येईल', 'इथून नाही', 'इथं घोरपड घसरेल' असा अहवाल देत राहिली. एका आजोबांनी विचारलं, "काय शोधतीयस बाळ?" ती म्हणाली, "हल्ला कुठनं करायचा ते." आजोबा गंभीरपणे म्हणाले, "दक्षिण दरवाज्याकडनं कर. तिकडं गर्दी कमी."

तिथंच बसून मी तिला आमच्या गडाची हकिगत सांगितली, कारण सिंहगडाचं एवढं कौतुक ऐकून माझ्यातला सातारकर जरा दुखावला होता. 1699 च्या अखेरीस औरंगजेब स्वतः ह्या गडाखाली येऊन बसला. आत किल्लेदार प्रयागजी प्रभू. महिन्यांमागून महिने गेले, गड हलेना. शेवटी मोगलांनी सुरुंग लावले. पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसरा सुरुंग उडाला तो उलटा, तट मोगलांच्याच अंगावर कोसळला आणि चढाईला सज्ज उभं असलेलं त्यांचंच सैन्य मेलं. एप्रिल 1700 मध्ये गड गेला, बादशहानं नाव ठेवलं आझमतारा. पुढं तो परत मिळवला आणि अजिंक्य ठरवला.

भाचीनं डोळे मोठे केले. "हे पुस्तक कुठंय?"

हीच तर बोंब आहे. हरिभाऊ पुण्यात राहात होते, त्यांना सिंहगड खिडकीतनं दिसत असणार. साताऱ्याला आले असते आणि महिनाभर आमच्याकडं कंदी पेढे खात राहिले असते, तर ढिगाऱ्यातून उठणाऱ्या किल्लेदारावर मराठी पोरांच्या चार पिढ्या पोसल्या असत्या. नशीब पेठेचं.

सिंहगडाच्या कड्याचं मात्र मराठी कादंबरीशी काहीतरी वैर किंवा सख्य असावं. ऐतिहासिक कादंबऱ्यांचे दुसरे मातब्बर लेखक नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, 1905 मध्ये ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले. कमरेखालचं शरीर लुळं झालं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला घेतलं आणि मग लिहायला. 1913 चं 'वीरधवल', मग स्वराज्याच्या कादंबऱ्यांची ती भलीमोठी माळ, सगळी त्या अंथरुणावरची. मी हे जरा गहिवरून सांगितलं. आपल्याकडं अशा ठिकाणी मुलांनी प्रेरणा घ्यायची असते. भाचीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "त्यांच्याकडं घोरपड नव्हती का?"

प्रेरणा हा आम्हा मोठ्यांचा नाद. पुस्तक संपलं रे संपलं की आपण विचारतो, 'काय शिकलीस?' कोणी सिनेमा बघून आल्यावर विचारतं का? भाचीच्या आईनं, म्हणजे माझ्या ताईनं, सांगलीहून फोनवर तेच विचारलं. तिकडून 'शौर्य', 'स्वामिनिष्ठा' असं काहीतरी अपेक्षित होतं, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उपयोगी पडेल असं. भाची म्हणाली, "दोर चांगला पाहिजे." ताई म्हणाली, "फोन मामाला दे."

सुट्टी संपता संपता आम्ही भिलारला जाऊन आलो. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव झालंय. घराघरांत पुस्तकं, एका घरात एक विषय. कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसायचं आणि वाचायचं, घरचे लोक पाणी विचारतात. वाटेत पाचगणीच्या पायथ्याला गोडवली लागतं, तानाजींचं जन्मगाव म्हणून सांगतात ते हेच, हे कळल्यावर गाडी थांबवावी लागली. भाचीनं उतरून जमिनीकडं बघितलं, मग डोंगराकडं बघितलं, आणि "म्हणून," एवढंच म्हणाली. भिलारला पोचेस्तोवर नवा वाद पेटला. 'गड आला' कुठल्या घरात शोधायचं? मी म्हटलं, कादंबरीच्या. आई म्हणाली, इतिहासाच्या, त्यात महाराज आहेत. भाची म्हणाली, बालसाहित्याच्या, कारण ते मी वाचतीये. आम्ही तिघं तीन दिशांना पांगलो आणि मी पोचलो त्या घरात विनोदी पुस्तकं निघाली. पुढचं मला माहीत नाही, मी तिथंच होतो.

सांगलीचंही आता अंकलखोप पुस्तकांचं गाव ठरलंय, हे दाजींनी मला तीनदा ऐकवलं. शेजारीच औदुंबर, जिथं 1939 पासून संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. पुस्तकांच्या बाबतीत साताऱ्यानं फार मिजास करू नये, असा त्या ऐकवण्याचा रोख. दाजींची हळदीची अडत आहे. मार्केट यार्डात सौदे, दुपारी भडंग, संध्याकाळी गणपतीचं देऊळ. पुस्तकं वाचण्याला त्यांचा विरोध नाही, फक्त ती चोपडी असेल तर त्यात जमा-खर्च असावा एवढंच म्हणणं.

परत गेल्यावर भाचीपुढं भौगोलिक अडचण उभी राहिली. सांगली सपाट. किल्ला आहे म्हणावं तर गणेशदुर्ग, तो भुईकोट, आणि त्याला वेढा पडलाय तो दुचाकींचा. कडा नाहीच. आयर्विन पुलावरून खाली बघितलं की कृष्णा दिसते, पण तिथं दोर टाकून चढायचं म्हटलं तर पोलीस आधी चढवतील. शेवटी तिनं चढायच्या ऐवजी उतरायचं ठरवलं. दाजींकडून तिला हरिपूरच्या पेवांचा शोध लागला. संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे करून हळद साठवायची जुनी पद्धत. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, पोटात पोतीच्या पोती. उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं, हवा कोंडलेली असते, ती जाऊ द्यावी लागते. 2005 च्या पुरात ह्या पेवांची पार दैना झाली. भाचीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्यावर लगोलग 'गुप्त भुयार' असा शिक्का मारला. दाजी पहिल्यांदाच सुखावले. त्यांच्या धंद्यात भुयार आहे हे त्यांना कुणी इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं.

आणि तिथंच ते सापडले. मुलीला भुयाराबद्दल सांगता सांगता तिनं त्यांना कड्याखाली आणून उभं केलं. परवा रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. एरवी हा माणूस दहाला घोरतो.

"झोपला नाही ना? एक विचारायचं होतं. तो दोर."

"कुठला दोर, दाजी?"

"तानाजींच्या भावानं, सूर्याजीनं कापला तो. कासरा नसणार, एवढी माणसं कासऱ्यावर जात न्हाईत. नाडा म्हणावा तर विहिरीच्या मोटेचा, तो एवढा लांब मिळत न्हाई. सोल असणार, जाड. दोन-तीन जोडलेले."

"असेल."

"म्हणजे भारीतला माल. आणि त्यानं तो मधनंच कापला?"

"मागं फिरू नयेत म्हणून, दाजी. पळायची वाटच बंद."

"ते कळलं मला. वाचलं मी." पलीकडं पान उलटल्याचा आवाज आला. "पण गाठ सोडायची ना वरची! दोर खाली पडला असता, वाट बंद झालीच असती, आणि सकाळी दोर अख्खा मिळाला असता. कापला म्हणजे दोन तुकडे. आता हा खर्च टाकायचा कुणाच्या नावावर? तानाजी तर गेले."

मागून भाचीचा आवाज आला, "पप्पा, महाराजांच्या!"

"महाराजांच्या कसा? पावती कुठाय?" दाजी म्हणाले, आणि मला विसरून त्यांचं तिकडंच सुरू झालं.